स्तनाचा कर्करोग : इम्प्लांट असताना रेडिएशन २५ दिवस की १६ दिवस?

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झाल्यावर काही महिलांना रेडिएशन म्हणजेच किरणोपचार घ्यावे लागतात. आठवड्यातले पाच दिवस रोज रुग्णालयात जावं लागतं. पाच आठवडे शहरात राहायचं, तर खोलीचं भाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी परवडत नाही. उपचार मध्येच सोडला, तर आजार परत येण्याचा धोका वाढतो.

दोन पद्धती कोणत्या?

जुनी पद्धत : रोज २ ग्रे, असे २५ दिवस. एकूण डोस ५० ग्रे.
कमी दिवसांची पद्धत : रोज २.६६ ग्रे, असे १६ दिवस. एकूण ४२.५६ ग्रे.

दिवस कमी म्हणजे उपचार अर्धवट, असं नाही. रोजचा डोस थोडा जास्त असतो, म्हणून एकूण डोस कमी ठेवतात.

इम्प्लांट असेल तर काय?

स्तन काढून तिथे इम्प्लांट बसवलं असेल, तर रेडिएशनने त्याभोवतीचा पडदा कडक होऊ शकतो. जंतुसंसर्ग झाला, तर कधी इम्प्लांट काढावंही लागतं. रोजचा डोस वाढवला तर हा त्रास वाढेल, अशी डॉक्टरांना शंका होती.

अमेरिकेत २०१८ पासून १६ रुग्णालयांत अशा ४०० महिलांवर अभ्यास झाला. २०२४ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतल्या महिलांच्या शारीरिक त्रासात मोठा फरक नव्हता. कमी दिवसांच्या गटात उपचारात खंड कमी पडला, बिनपगारी रजाही कमी लागल्या. दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात दोन वर्षांत स्तनाच्या पुनर्रचनेशी संबंधित तक्रारी कमी दिवसांच्या गटात १४ टक्के, तर जुन्या पद्धतीत १२ टक्के होत्या. म्हणजे जवळपास सारख्याच.

डॉक्टरांना हे विचारा

- मला कमी दिवसांचं रेडिएशन चालेल का? नसेल तर का?
- इम्प्लांट आधी बसवायचं की रेडिएशननंतर?
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत माझा कोणता खर्च बसतो?
- रुग्णालयाजवळ धर्मशाळेची सोय आहे का?

लक्षात ठेवा

किती दिवस रेडिएशन घ्यायचं, हे डॉक्टरच ठरवतात. बरं वाटलं म्हणून किंवा पेरणी-काढणी आली म्हणून मनाने दिवस कमी करू नका. अडचण असेल तर आधीच सांगा. इम्प्लांटची जागा लाल झाली, सुजली, पाणी येऊ लागलं किंवा ताप आला, तर घरगुती लेप न लावता लगेच रुग्णालयात जा.