खुद्री कोणाची?

मुंबई सरकारने 1824 मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमले. जमीन, पिके, वस्ती यांची मोजदाद करता करता त्याने इथल्या नद्यांतले मासेही अभ्यासले आणि इंग्लंडला परतल्यावर त्यांच्यावर निबंध लिहिला. नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना त्याने अनेकदा इथलीच नावे उचलली : खुद्री, कोळस, फुलंगी, शिंगटी. मुळा-मुठेतल्या महसीर माशाला शास्त्रज्ञ आजही ‘टोर खुद्री’ म्हणतात. ही नावे साइक्सच्या कानी पडली ती नदीकाठी मासे धरणाऱ्यांच्या तोंडूनच, याबद्दल फारशी शंका घ्यायला नको. पुढे कायदा झाला, तेव्हा या माणसांचे काय झाले, हा या लेखाचा विषय.

साइक्सनंतरच्या पिढीत चिंता सुरू झाली. फ्रान्सिस डे हा मद्रासकडचा लष्करी डॉक्टर, पुढे मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर जनरल. गोड्या पाण्यातल्या माशांवरचा त्याचा अहवाल 1873 चा. बारीक आसांच्या जाळ्यांत पिल्ले मरतात, विणीला निघालेले मासे वाटेतच धरले जातात, ही त्याची तक्रार होती. पण पाटबंधाऱ्यांच्या भिंतींनी माशांची वाट अडते, हेही त्याने लिहून ठेवले. त्याच वर्षी एच. एस. थॉमस या मुलकी अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ निघाले. थॉमस दक्षिण कॅनराचा कलेक्टर राहिलेला आणि गळाचा पक्का शौकीन. मासे वाचावेत असे दोघांनाही मनापासून वाटे. थॉमसच्या कळकळीत मात्र रविवारच्या शिकारीचीही काळजी होती, असे मला वाटते.

तक्रारीत तथ्य होतेच. कोकणात पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. त्यांना कुठे वलगणीचे मासे म्हणतात, कुठे चढणीचे. अंडी घालायला निघालेला हा मासा त्याच रात्री जाळ्यात, नाहीतर बांबूच्या सापळ्यात सापडतो. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात गेळफळे किंवा रामेठ्याची साल ठेचून टाकायची आणि झिंगून वर आलेले मासे वेचायचे, हीही सह्याद्रीतली जुनी रीत. त्यात 1867 नंतर डायनामाइट आले. एका स्फोटात डोह रिकामा होऊ लागला.

अहवालानंतर चोवीस वर्षांनी, 1897 मध्ये, भारतीय मत्स्य अधिनियम झाला. डायनामाइट लावून किंवा विष, चुना टाकून मासे मारणाऱ्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. सहाव्या कलमाने प्रांतिक सरकारांना नियम करण्याचा अधिकार दिला : रोवलेले सापळे, बांध, जाळ्यांचा आकार-प्रकार, आणि ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत पूर्ण बंदी. इथवर तक्रार करण्याजोगे थोडेच आहे. पण हे नियम खासगी पाण्याला लागू करायचे, तर मालकाची लेखी संमती लागे. आणि खासगी पाणी म्हणजे काय, हे सांगणाऱ्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण आहे. इतरांना तिथे रूढीने मासे धरण्याचा हक्क असला, तरी तेवढ्याने ते पाणी खासगी नाही असे होत नाही!

हे वाक्य मी अनेकदा वाचले. रूढीचा हक्क असतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून तर त्याचा उल्लेख करावा लागला. परंतु मालकी ठरवताना त्याला वजन नव्हते. मुळाशी इंग्लंडची कल्पना होती. भरती-ओहोटी न पोचणाऱ्या नदीत मासेमारीचा हक्क तिथे काठाच्या जमीनमालकाकडे जातो. तिथल्या कायद्यातही चुना आणि विष यांना बंदी होतीच. आपल्याकडे भोई, कोळी, कातकरी यांच्यापाशी काठाच्या जमिनीचा कागद क्वचितच असे. त्यांच्यापाशी होती ती वहिवाट.

आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे : हेतू. पाण्यात विष टाकणे गुन्हा, पण मासे धरण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने टाकले तर. कारखान्याच्या सांडपाण्याला असा हेतू नसतो. रामेठ्याची साल ठेचणारा तेवढा सापडतो. मुठेवर खडकवासल्याचे धरण 1880 च्या सुमारास पुरे झाले, म्हणजे या कायद्याच्या बऱ्याच आधी. चढणीच्या माशाला ती भिंत कोणत्याही जाळ्याहून भारी.

कायद्याखेरीजही बंदी होती आणि ती मोडायला लोक धजत नसत. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे धरायचे नाहीत. महाडजवळ सावित्रीच्या खोऱ्यात वाळणकोंडला मासे देवीचे, त्यांना खाऊ घालायचे. तिकडे तुंगेवर शृंगेरीलाही तेच. ही बंदी एका डोहापुरती. वर-खाली गावाने खुशाल जाळे टाकावे. देवस्थानांचे सगळेच गोडवे गाण्याचे कारण नाही, पण उन्हाळ्यात मोठे मासे जिथे जीव धरून राहतात, नेमकी तीच जागा राखली जाई.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने 1960 चा स्वतःचा मत्स्य अधिनियम केला. धरणांचे जलाशय सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले आणि त्यांत गंगेकडचे रोहू, कटला सोडले गेले. खुद्रीचे बीज लोणावळ्याला तयार होऊ लागले. ते दूरवर, कावेरीतही गेले. गळवाल्यांना तिथे मोठा मासा हवा होता. खुद्री कावेरीत रुजली, आणि तिथला मूळचा वशिंडाचा महसीर मागे हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख ‘टोर रेमादेवी’ अशी पटली ती 2018 मध्ये, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर आला होता. एका नदीचा मासा दुसरीत सोडण्याबद्दल 1897 च्या सहाव्या कलमात एक शब्दही नाही.