तळणीचं ग्रहण आणि ॲनी माँडरची नोंद



नागपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी वर्धा सोडते, पुलगाव मागे टाकते, आणि धामणगाव यायच्या आधी तळणी नावाचं एक लहान स्टेशन लागतं. आपल्यातल्या कितीतरी जणी याच मार्गानं माहेरी जातात-येतात. या तळणीला २२ जानेवारी १८९८ रोजी एका बाईनं सूर्याचा असा फोटो काढला, की तसा तोवर जगात कुणाला मिळाला नव्हता. तिचं नाव ॲनी माँडर. आज आम्ही तिची गोष्ट सांगणार आहोत. त्यात सूर्य आहे, दुर्बीण आहे, आणि आपल्या रोजच्या ओळखीचा एक प्रश्नही आहे: काम बाईनं केलं, तर नोंद कुणाच्या नावावर?

तो दिवस शनिवारचा, पौषातली अमावास्या. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं. चंद्राची सावली कोकणात विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली. तिथून कराड, सोलापूरकडचं जेऊर, आपलं पुलगाव-तळणी असं करत ती नागपूर भागातून पुढे शहडोल, बक्सरकडे गेली. काळ वाईट होता. मुंबई-पुण्याकडे प्लेग होता आणि आपल्या भागानं नुकताच मोठा दुष्काळ सोसला होता. तशात या वाटेवर ठिकठिकाणी तंबू उभे राहिले. विजयदुर्ग किल्ल्यात नॉर्मन लॉकियर हे शास्त्रज्ञ आले. त्यांचे ‘साहेबाचे कट्टे’ आजही लोक दाखवतात. जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे नायगामवाला आपली यंत्रं घेऊन बसले, तिथंच अमेरिकेहून आलेली मंडळीही होती. पुलगावलाही एक इंग्रज तुकडी होती.

तळणीला उतरलेली मंडळी मात्र थोडी वेगळी. ती ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या संस्थेची होती. ही संस्था १८९० साली निघाली, ती हौशी लोकांसाठी. पोटापाण्याचा धंदा दुसरा, पण आकाश बघायची आवड, अशी माणसं तिच्यात होती. तळणीला आलेले जॉन एव्हरशेड तेव्हा नोकरी करून फावल्या वेळात सूर्य बघत. पुढे तेच कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेत आले आणि सूर्यावरच्या त्यांच्या शोधानं जगभर ओळखले गेले. या संस्थेची आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. तिनं पहिल्यापासून बायांना सभासद करून घेतलं. लंडनच्या जुन्या, मानाच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची दारं बायांना तेव्हा बंद होती.

आता ॲनी कोण ते बघू. तिचा जन्म १८६८ चा, आयर्लंडमधला. शिकून ती केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गेली आणि १८८९ साली गणिताची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. पण पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज तेव्हा बायांना पदवीच देत नसे. १८९१ मध्ये तिला ग्रिनिच वेधशाळेत काम लागलं. पगार महिन्याला चार पौंड, म्हणजे तिच्या शिक्षणाच्या मानानं फारच कमी.

काम होतं सूर्याच्या डागांचं. सूर्यावर काळे डाग दिसतात. तिथली जागा आजूबाजूपेक्षा थोडी थंड असते, म्हणून ती काळी भासते. कधी कधी एकेक डाग आपल्या पृथ्वीपेक्षा मोठा असतो. हे डाग वाढतात, सरकतात, नाहीसे होतात. ग्रिनिचला रोज सूर्याचा फोटो घ्यायचे. इंग्लंडात ढग फार, म्हणून राहिलेल्या दिवसांचे फोटो आपल्या डेहराडूनहून आणि मॉरिशसहून मागवत. ॲनी फोटो काढायची, त्यावरचा एकेक डाग मोजायची आणि वहीत लिहायची. आज किती, कुठं, केवढा.

असं रोज लिहून काय होतं? जर्मनीत हाइनरिक श्वाबे नावाचा एक औषधवाला होता. त्यानं १८२६ पासून लहानशा दुर्बिणीतून जवळजवळ रोज डाग मोजले. सतरा वर्षांनी त्याच्या वहीतून कळलं, की डाग काही वर्षं वाढत जातात आणि मग कमी होतात. हा फेरा साधारण अकरा वर्षांचा आहे हे आज सगळं जग मानतं. एका दिवसाच्या नोंदीला अर्थ नसतो, सतरा वर्षांच्या वहीला असतो. आपलं गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

१८९५ साली ॲनीनं त्याच विभागाचे प्रमुख वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न केलं. लग्न झालं की बाईनं नोकरी सोडायची, असा तेव्हा नियम होता. नोकरी गेली, पण आकाश बघणं तिनं सोडलं नाही. कॉलेजनं तिला संशोधनासाठी थोडे पैसे दिले होते. त्यातून तिनं दीड इंचाचं भिंग घेऊन कॅमेरा तयार करवला. तोच ती तळणीला घेऊन आली.

ग्रहण लागलं, दुपारी अंधार झाला. सूर्य पूर्ण झाकला गेला तो दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ. तेवढ्यात सूर्याभोवतीचं पांढरं प्रभामंडळ दिसतं. इंग्रजीत त्याला कोरोना म्हणतात, आणि त्या आजाराच्या विषाणूचं नावही त्याच्या याच रूपावरून पडलं. ॲनीच्या फोटोत या प्रभामंडळाचा एक किरण सूर्यापासून जवळजवळ एक कोटी किलोमीटर लांब गेलेला दिसला. इतका लांब किरण तोवर कुणाच्याच फोटोत आला नव्हता. तिचं भिंग लहान होतं, पण कोणत्या कामाला कसलं भिंग लागतं हे तिला नेमकं ठाऊक होतं.

पुढे १९०४ मध्ये नवरा-बायकोनं वर्षानुवर्षांच्या डागांच्या नोंदी एका कागदावर मांडल्या. फेऱ्याच्या सुरुवातीला डाग सूर्याच्या मधल्या पट्ट्यापासून दूर दिसतात आणि मग हळूहळू मध्याकडे येतात. त्या आकृतीत फुलपाखरांची रांग उडाल्यासारखी दिसते. आजही ती ‘फुलपाखरू आकृती’ म्हणूनच शिकवतात. १९०८ मध्ये दोघांच्या नावानं आकाशावरचं पुस्तक निघालं. त्याच्या प्रस्तावनेत नवऱ्यानं सांगून टाकलं, की हे जवळजवळ सगळं बायकोनंच लिहिलं आहे. मैत्रिणींनो, असं किती ठिकाणी लिहिलं जातं? निंदणी, वेचणी, पेरणी आपण करतो आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं असतं ते आपल्याला माहीत आहे.

रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत ॲनीचं नाव १८९२ मध्ये सुचवलं होतं, ते नाकारलं गेलं. बायांसाठी नियम बदलल्यावर १९१६ साली तिला घेतलं. म्हणजे चोवीस वर्षं गेली. मधल्या काळात ती थांबली नाही म्हणून आज तिची नोंद सापडते.

आता आपलं बघू. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीच बघायचं नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, ताटातलं पाणी, यांतलं काहीच डोळा वाचवत नाही. हौशी मंडळी लहान दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडतात आणि कागदावर डाग बघतात. किंवा दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला खास सौर गाळणी लावतात. ग्रहणाचा चष्मा घालूनही दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, कारण एका क्षणात डोळा जातो. खंडग्रास ग्रहण असेल तर घरची पिठाची नाही, मोठ्या भोकांची चाळणी उन्हात धरा. जमिनीवर प्रत्येक भोकाची एक चंद्रकोर पडेल. नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रात ग्रहणाच्या वेळी लोकांना सूर्य सुरक्षित दाखवण्याची सोय करतात. पुढच्या वेळी गटाच्या बायांना आणि मुलींना घेऊन आपण जाऊ.

गरोदर बाईनं ग्रहणात खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, भाजी चिरायची नाही, हे अजून घरोघरी चालतं. ग्रहणाचा कसलाही किरण पोटातल्या बाळापर्यंत जात नाही. आईला तासन्‌तास उपाशी ठेवलं तर मात्र त्रास आईला आणि बाळालाही होतो. सासूबाईंशी भांडून नव्हे, पण समजावून हे सांगायला हवं. आशाताईंची मदत घ्या.

आणि येत्या महिन्याच्या सभेत एक काम करा. रजिस्टरमध्ये जिनं काम केलं तिचं पूर्ण नाव लिहा. ‘अमक्याची बायको’ असं लिहू नका. तिची सही तिलाच करू द्या.