काळा आंबा : पानिपतच्या अनाम सैनिकांचे वृक्षस्मारक

प्रस्तावना

रणांगणी पडलेल्या वीराचे स्मरण दगडात जपण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. गावोगावच्या वेशीवर व मंदिरांच्या आवारात आढळणारे वीरगळ तिची साक्ष देतात. परंतु १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर कामी आलेल्या मराठी सैनिकांसाठी तेथे वीरगळ उभारणारे कोणी उरले नव्हते. त्यांचे स्मारक ठरले ते आंब्याचे एक झाड, ‘काला अंब’. प्रस्तुत लेखात या वृक्षस्मारकाच्या ऐतिहासिक अर्थाचा विचार केला आहे.

परंपरा आणि पुरावा

हे स्थान पानिपत शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर आहे. सदाशिवरावभाऊंनी या झाडाजवळून सैन्याचे नेतृत्व केले, असे परंपरा सांगते. भूमी रक्ताने भिजल्यामुळे झाडाला काळसर फळे येऊ लागली, अशीही आख्यायिका आहे. गर्द पर्णसंभारामुळे ते काळे दिसत असावे, हा तिचा साधा उलगडा होय. अशा आख्यायिकेवरून लढाईचा तपशील ठरविता येत नाही. मात्र त्या संहाराची आठवण लोकांनी कशी जपली, याचा ती पुरावा ठरते.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने आपल्या फारसी वृत्तांतात भाऊंच्या मृतदेहाची ओळख पटल्याचे नमूद केले आहे. तरीही पुढे भाऊंचा तोतया निर्माण झाला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. खुद्द सेनापतीच्या मृत्यूविषयी इतका संभ्रम, तर सामान्य शिपायाची नोंद कोण ठेवणार? पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना देणाऱ्या प्रसिद्ध सावकारी पत्रात विश्वासराव व भाऊ यांना मोती, तर सरदारांना मोहरा म्हटले आहे. उरलेला खुर्दा मात्र अगणित ठरला. हा खुर्दा म्हणजेच सामान्य सैनिक.

झाडानंतरचे स्मारक

कालांतराने मूळ वृक्ष वठला. त्याचे लाकूड पानिपतचे पंडित सुगनचंद यांनी विकत घेऊन त्याची नक्षीदार दारे करविली. ती पानिपतच्या संग्रहालयात ठेवण्यात आली. वृक्षाच्या जागी विटांचा स्तंभ उभा राहिला. झाड गेले, पण स्थानाचे नाव टिकले. ते टिकविण्याचे मोठे श्रेय दूरच्या पुण्यापेक्षा त्याच परिसरातील लोकांच्या बोलीला द्यावे लागते.

निष्कर्ष

स्तंभ राज्यसत्तेने उभारावा लागतो. झाडाला मात्र लोकांनी नाव दिले तरी पुरते. पेशवाईच्या पत्राने ज्यांची गणती सोडून दिली, त्यांना या वृक्षाने निदान एक ठिकाण दिले. म्हणूनच काळा आंबा पराभवाची खूण एवढाच मर्यादित अर्थ धारण करीत नाही. दप्तरात नाव नसलेल्या माणसांच्या इतिहासाचे ते एक साधन आहे. अशा लोकस्मृतीची पारख करून तिची नोंद घेणे हे प्रादेशिक इतिहासलेखनाचे कर्तव्य ठरते.