पेंढारी, ठग आणि शिक्षेचा प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या एका खेड्यात लग्नाला गेलो होतो. रात्री पंगती उठल्यावर आम्ही काही जण पारावर बसलो, आणि बोलणे निघाले ते दरोड्याचे. थोड्या दिवसांपूर्वीच जवळपासच्या एका शेतवस्तीवर पाच-सहा जणांनी रात्री येऊन म्हाताऱ्या नवराबायकोला मारहाण केली होती आणि अंगावरचे डाग काढून नेले होते. जो तो आपापला उपाय सांगत होता. शेवटी एक दादाजी म्हणाले, "याईले चौकात फाशी देल्ली पायजे. इंग्रजानं नाही का ठग साफ केले? मंग आपल्याले काहून जमत नाही, मास्तर?"

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला असा रोखठोक प्रश्न वर्गात क्वचितच ऐकायला मिळतो. त्या रात्री मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. आज नीट देण्याचा प्रयत्न करतो. उत्तरासाठी फार लांब जायला नको. आपल्या अमरावतीच्या परकोटापासूनच सुरुवात करू.

अंबागेट, खोलापुरी गेट, जवाहर गेट ही नावे अमरावतीच्या मुलाला पाठ असतात. पण ही भिंत कोणासाठी उभी राहिली, असे विचारले तर पुष्कळ जण एखाद्या राजाचे नाव घेतात. ती राजासाठी नव्हती, व्यापाऱ्यांसाठी होती. 1807 साली निजामाच्या अमदानीत तिचे काम सुरू झाले. घेर सव्वादोन मैलांचा, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. वऱ्हाडचा कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरकडे जाई. त्या पैशाचे धनी अमरावतीत राहत, आणि त्यांना भीती होती पेंढाऱ्यांची.

पेंढारी कोठून आले? ते आभाळातून पडले नव्हते. मोठमोठ्या फौजांच्या मागे चालणारे हे घोडेस्वार. त्यांना पगार नसे, लूट हीच त्यांची कमाई. फौज आहे, मोहीम आहे, तोवर त्यांचे पोट चाले. पुढे एकेक दरबार इंग्रजांच्या तहात अडकत गेला. आपल्याकडे 1803 च्या नोव्हेंबरात तेल्हाऱ्याकडच्या आडगावला भोसल्यांचा पराभव झाला, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. फौजा मोडल्या, हजारो स्वार रिकामे झाले. हाताला काम नाही, पण मांडीखाली घोडे आणि कमरेला तलवार आहे, असा माणूस काय करणार? पेंढाऱ्यांच्या टोळ्या फुगल्या त्या या दिवसांत.

त्यांच्या क्रूरतेवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. दसरा झाला, नद्यांचे पाणी उतरले, की टोळ्या नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरत. रात्रंदिवस घोडदौड करून गावावर पडत, पुरलेला पैसा काढण्यासाठी तोंडाला गरम राखेची पिशवी बांधत. 1816 साली ते पार गुंटूरपर्यंत गेले. त्या स्वारीची कंपनी सरकारने पुढे चौकशी केली. बारा दिवसांच्या आत 339 गावे लुटली, 182 माणसे मारली, 505 जखमी केली आणि 3603 जणांचा छळ केला, असा तो हिशेब आहे. परकोट बांधणाऱ्यांची भीती खोटी नव्हती.

आता या टोळ्यांचा शेवट कसा झाला ते पहा. 1817-18 मध्ये इंग्रजांनी लाखाहून जास्त फौज घेऊन चारही बाजूंनी फास आवळला. टोळ्या फुटल्या. पण नायकांचे काय झाले? करीमखान 1818 मध्ये शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवला. नामदारखानही शरण आला आणि सुटला. वासिल महंमदाने नजरकैदेत विष घेतले. चितू पेंढारी रानोमाळ भटकत राहिला आणि 1819 मध्ये असीरगडाच्या बाजूच्या जंगलात वाघाने त्याला मारले. ज्याच्या आसऱ्याने कित्येक टोळ्या वावरत, तो अमीरखान पठाण तर तह करून टोंकचा नवाब झाला! या पाचांपैकी एकालाही चौकात फाशी झालेली नाही. पेंढारशाही मोडली ती तीन गोष्टींनी. पाठलाग थांबला नाही, आसरा देणारे दरबार बंद झाले, आणि शरण येणाऱ्याला पोटापुरती जमीन मिळाली. नवाबी देणे न्यायाचे होते असे मी म्हणत नाही. लुटल्या गेलेल्या गावांना त्या बदल्यात काही मिळाल्याचे कोठे वाचण्यात नाही.

ठगांची गोष्ट निराळी. पेंढारी धुरळा उडवीत येत, ठग वाटसरू होऊन येत. दोन मुक्काम सोबत करायची, विश्वास मिळवायचा, आणि मोका साधून गळ्याला रुमाल आवळायचा. प्रेत पुरून टाकले किंवा विहिरीत लोटले की फिर्यादीच उरत नसे. घरचे लोक वाट पाहत राहत, त्यांना वाटे माणूस काशीला गेला तो तिकडेच वारला. खून एका मुलखात, लूट विकली दुसऱ्या मुलखात, आणि ठग राहणारा तिसऱ्याच मुलखातला. कोर्टाने पुरावा मागितला तर आणायचा कोठून?

या अडचणीतून 1836 चा तिसावा कायदा निघाला. तो अगदी आखूड आहे, पण त्यात एक गोष्ट नवी होती. अमुक माणसाने अमुक खून केला हे शाबीत करण्याची गरज राहिली नाही. तो ठगांच्या टोळीत होता एवढे शाबीत झाले की जन्माची सक्तमजुरी. टोळीतला सहभाग कायद्याच्या आधीचा असला तरी तेच. शिवाय गुन्हा कोठेही घडलेला असो, खटला कंपनीच्या कोणत्याही जिल्ह्यात चालवता येऊ लागला.

दादाजींना वाटते ते इथपर्यंत खरे आहे. कायदा कडक झाला आणि ठग मोडले. पण कागदपत्रे वाचली म्हणजे दिसते, की स्लीमन साहेबाचे मुख्य हत्यार फाशीचा दोर नव्हता, माफीचा साक्षीदार होता. पकडलेल्या ठगाला जीवदान द्यायचे, त्याच्याकडून साथीदारांची नावे काढायची. मग दुसऱ्या तुरुंगातल्या दुसऱ्या ठगाची जबानी त्याच्याशी ताडून पाहायची. त्याने दाखवलेल्या जागी खणून हाडे निघतात का ते पाहायचे. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा जावई याच्या वंशावळी मांडायच्या. हे काम वर्षानुवर्षे चालले. आपल्या मुलखावर तेव्हा निजामाचा अंमल होता, तरी स्लीमनचे मदतनीस तेथेही काम करीत. ठगाच्या तोंडून सांगितलेली प्रसिद्ध कादंबरी 1839 साली लिहिणारा मेडोज टेलर निजामाच्याच चाकरीत होता. पुढे 1857 च्या धामधुमीत त्याला बुलढाण्याचा कारभार सांभाळायला धाडले होते. म्हणजे ठगांचा हा लेखक आपल्या वऱ्हाडातही राहून गेला.

जीवदान मिळालेल्या ठगांसाठी जबलपूरला उद्योगशाळा निघाली, तेथे ते तंबू आणि सतरंज्या विणीत. त्यांची मुलेबाळेही तेथेच ठेवली. ठग होते किती, आणि जबान्यांत खरे किती, जीव वाचवण्यासाठी रचलेले किती, याबद्दल आजचे अभ्यासक शंका घेतात. माझे मत असे, की ठग होते, खून झाले, पण गळफासाच्या भीतीने माणूस शेजाऱ्याचेही नाव सांगतो हे विसरून चालणार नाही.

आणि त्या वंशावळींनीच पुढे घात केला. ठग पकडण्यासाठी त्या मांडल्या तेव्हा तो तपासाचा भाग होता. हळूहळू सरकारी डोक्यात असे बसले, की गुन्हा रक्तातूनच उतरतो. सुताराचा मुलगा सुतार, कोष्ट्याचा कोष्टी, तसा चोराचा मुलगा चोर. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आणताना हाच दाखला दिला गेला. 1836 मध्ये निदान माणूस टोळीत होता हे शाबीत करावे लागे. 1871 नंतर तो अमुक जमातीत जन्मला एवढे पुरले. सरकारने जमात जाहीर केली की त्या जाहीरनाम्यावर कोर्टात दाद नाही. पोलिसात नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. 1897 ला कायदा आणखी कडक झाला. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्या वेळी दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्या वेळी जन्माचे काळे पाणी. मुलांना आईबापांपासून तोडण्याची सोयही त्यातच होती. आरंभी हा कायदा उत्तरेत होता, 1911 मध्ये तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. सोलापुरात तारेचे कुंपण घातलेली वसाहत होती, त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात.

वऱ्हाडात हा शिक्का कोणावर बसला? पारध्यांवर. त्यांच्यातले टाकणकर म्हणजे जात्याला टाकी लावणारे. माझ्या आजीच्या सांगण्यात ते येत. दळण भरडू लागले की त्यांची वाट पाहत. सरकारी ग्रंथकारांनी मात्र लिहून ठेवले, की टाकी लावण्याच्या मिषाने हे लोक घरे हेरून जातात. कोणी हेरलीही असतील. पण पिठाच्या गिरण्या आल्या, रानात शिकारीला बंदी झाली, आणि टाकी व फासा ही दोन्ही साधने निकामी झाली, हे त्या ग्रंथाच्या हिशेबात नाही. दुष्काळात धान्याची लूट वाढते आणि पाऊसपाणी झाले की उतरते, हे जुन्या काळचे अधिकारीही जाणत. तो नियम त्यांनी शेतकऱ्याला लावला, पारध्याला लावला नाही.

स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला. आज पारधी आणि टाकणकर दोघेही अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. शिक्का पुसायला मात्र वेळ लागतो. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींविषयी जुनेच शेरे उरले होते, ते 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने काढायला लावले. म्हणजे बहात्तर वर्षे! शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे, कारण वर्गातली पेन्सिल हरवली की सगळी मुले कोणाकडे पाहतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. दरोड्याला शिक्षा हलकी आहे हा समज चुकीचा आहे. 1862 पासून अमलात असलेल्या दंडसंहितेत पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. त्यात एकाने खून केला तर सर्वांना फाशीपर्यंत शिक्षा होऊ शके. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या 310 व्या कलमात हेच कायम आहे. ठगाचे जुने कलम तेवढे गळाले.

मुंबईतल्या टोळीयुद्धांनंतर 1999 मध्ये महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध खास कायदा केला, ज्याला सगळे मोक्का म्हणतात. अमरावती-अकोल्याकडे टोळीने मोठा गुन्हा केला की 'मोक्का लावा' अशी मागणी लगेच होते. यात जामीन फार कठीण, दोषारोपासाठी तपासाला 180 दिवसांपर्यंत मुदत, पोलिस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाबही पुराव्यात धरता येतो. आणि टोळीचा नुसता सदस्य असणे हाही गुन्हा, किमान पाच वर्षे. श्रोत्यांच्या लक्षात आले असेल, 1836 ची कल्पनाच ही. मात्र मोक्का करणाऱ्यांनी तिला कुंपण घातले आहे. मागील दहा वर्षांत टोळीवर एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असली पाहिजेत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असली पाहिजे. गुन्हा नोंदवायला उपमहानिरीक्षकाची परवानगी लागते, आणि खटल्याला त्याहून वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी. न्याय संहितेच्या 111 व्या कलमाने संघटित गुन्हेगारीची तरतूद साऱ्या देशासाठी केली. किमान पाच वर्षे, खून झाला तर फाशी किंवा जन्मठेप. पूर्वीच्या दोषारोपपत्रांची अट तिथेही आहे, पण वरिष्ठांच्या परवानगीचे कुंपण त्या कलमात नाही. मला ते असायला हवे होते असे वाटते. माझे वकील मित्र म्हणतात, कोर्टे आहेत की! आहेत, पण जामीन मिळेपर्यंतचे महिने माणूस आतच काढतो, आणि तो निर्दोष निघाला तर ते महिने कोणी परत देत नाही.

परवा ते दादाजी एस. टी. स्टँडवर भेटले. उभ्या उभ्या त्यांना हे थोडक्यात सांगितले. अमीरखान नवाब झाला हे ऐकून ते हसले. मग म्हणाले, "थे समदं खरं असंन, मास्तर. पन मागच्या साली माहा मोटारपंप गेला, त्याचा पंचनामा झाला अन् मंग कोनी फिरकलंच नाही. चोर कोन थे मले मालूम नाही, अन् पोलिसालेही नाही. शिक्षा कोनाले सांगता?" तेवढ्यात त्यांची गाडी लागली.