मधुमेही पायाच्या त्वचेतील सूक्ष्मरक्ताभिसरण : एका वैद्यकीय मताचा इतिहास

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हा पावसाचा मुलूख. भातरोपणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात आणि बहुधा बऱ्याही होतात. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत मात्र तीच भेग चिघळून प्रसंगी पाय गमवावा लागतो. याच्या कारणाविषयीचे वैद्यकीय मत स्थिर राहिलेले नाही.

मधुमेहींना शरीराच्या अधोभागी पिडका होतात, हे निरीक्षण सुश्रुतसंहितेत आढळते. त्याचे कारण तेथे रसवाहिन्यांच्या दौर्बल्यात शोधले आहे. (त्यास सूक्ष्मरक्ताभिसरणाचे पूर्वज्ञान म्हणणे ओढाताणीचे ठरेल.) केशवाहिन्यांच्या नियमनाचा उलगडा केल्याबद्दल डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पत्नी मारी मधुमेही होत्या, आणि १९२२ मध्ये टोरांटोहून इन्शुलिननिर्मितीची परवानगी क्रोग यांनीच मायदेशी नेली.

१९५९ मध्ये गोल्डनबर्ग व सहकाऱ्यांनी, शस्त्रक्रियेने कापलेल्या पायांच्या परीक्षणावरून, मधुमेहात अतिसूक्ष्म धमन्याच आतून बुजतात असा निष्कर्ष मांडला. सूक्ष्म वाहिन्याच बंद असतील, तर मोठी वाहिनी मोकळी करून उपयोग काय, ही निराशा त्यातून शल्यचिकित्सेत रुजली. १९६४ मध्ये स्ट्रँडनेस यांना मधुमेही व बिगरमधुमेही पायांत असा भेद आढळला नाही. तरी ते मत मागे हटले नाही. १९८४ मध्ये लोगेर्फो व कॉफमन यांना त्याचे पुन्हा साधार खंडन करावे लागले. या अवधीत वाचू शकणारे काही पायही कापले गेले असतील.

वस्तुतः सूक्ष्म वाहिन्या बुजत नाहीत, त्यांचे कार्य बिघडते. केशवाहिन्यांचे आधारपटल जाड होते. धमनिकांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड पुरेसे निर्माण करीत नाही, म्हणून गरजेच्या वेळी त्या रुंदावत नाहीत. चेता निकामी झाल्याने तळपायातील आडवाटा उघड्या राहतात व काही रक्त केशवाहिन्यांना वगळूनच परत फिरते. पाय हाताला ऊबदार लागतो, शिरा फुगलेल्या दिसतात, आणि त्वचा मात्र उपाशी राहते.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे व टांझानियाचे डॉ. अब्बास यांच्या पुढाकाराने, २००० नंतरच्या पहिल्या दशकात, डॉक्टर व परिचारिकांना मधुमेही पायाच्या तपासणीचे प्रशिक्षण देणारा 'स्टेप बाय स्टेप' उपक्रम भारतासह काही देशांत राबविला गेला. या तपासणीला लागते फार थोडे : पावलावरची नाडी बोटांनी चाचपणे आणि १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना पाहणे. नाडी लागत नसेल, तर पाय कापण्याचा निर्णय घेण्यापूर्वी मोठ्या धमनीची तपासणी व्हावयास हवी. भाताच्या चिखलात चप्पल टिकत नाही. तेथे बांधावर येताच पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे एवढेच हाती उरते.