फरी, गदका आणि शिरस्त्राण

1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून गेले आणि छत्तीसगढच्या मुलुखात मराठ्यांचा अंमल बसण्यास आरंभ झाला. 1758 पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार पाहिला, त्यांच्यामागे सुभेदारांची राजवट आली, आणि 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले तेव्हा हा प्रांतही त्यांच्या दप्तरी जमा झाला. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1955 साली, सोव्हिएत रशियाशी करार होऊन याच मुलुखात दुर्गच्या शेजारी भिलाईस पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोखंडाशी नित्याचा व्यवहार असलेल्या या नगरीत डोक्यावर टोप न घालता भट्टीपाशी जाणाऱ्यास कोणी शूर म्हणत नाही. हाच विवेक आपल्या शस्त्रक्रीडेच्या परंपरेतही पूर्वापार नांदत आला आहे, आणि त्याचा विसर पडू नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

रणांगणावरील संरक्षणाची कथा सर्वश्रुत आहे. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली जिरेटोप घातला होता. ज्याच्या धैर्याविषयी शत्रूलाही शंका नव्हती, त्या पुरुषाने संरक्षणात न्यूनता मानली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परंतु लोखंडी कड्यांचे चिलखत हे सामान्य शिपायाच्या ऐपतीतले नव्हते. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराला घोडा आणि हत्यार स्वतःचे आणावे लागे. अशा माणसाच्या अंगावर कापूस भरून टाचलेला डगला आणि मस्तकावर पागोट्याचे घट्ट पेच, एवढीच बहुधा सामग्री असे. ज्या समाजात युद्धातदेखील चिलखत दुर्मीळ, तेथे तालमीतील रोजच्या सरावासाठी ते कोठून येणार? म्हणून आपल्या वस्तादांनी शरीर झाकण्याऐवजी हत्यारच निरुपद्रवी केले, आणि या निर्णयातून फरी-गदक्याचा व बोथाटीचा खेळ आकारास आला.

गदका म्हणजे तलवारीच्या लांबीची, वर चामडे चढवलेली वेताची वा लाकडाची काठी, आणि फरी म्हणजे डाव्या हातात धरावयाची चामड्याची लहान ढाल. या साध्या साधनाची रचना बारकाईने पाहिली म्हणजे तिच्यामागील अनुभव प्रत्ययास येतो. नुसती काठी आघाताने उकलली की तिच्या चोया तलवारीच्या पात्याइतक्याच घातक ठरतात. चामड्याचे आवरण घाव मवाळ करते, आणि काठी आतल्या आत फुटली तरी तिच्या चोया बाहेर येऊ देत नाही. फरीचा आकार लहान असल्यामुळे खेळाडूला तिच्याआड लपता येत नाही. येणारा प्रत्येक वार ओळखून तेथे ती न्यावी लागते. शीर, तमाचा, बाहेरा अशी वारांची नावे ठरलेली, प्रत्येकाचा मार्ग आणि त्याची अडवणूक ठरलेली; हा क्रम अंगवळणी पडल्यावाचून मोकळ्या लढतीची परवानगी देऊ नये, हा या विद्येतील मूळ दंडक होय. सलामी देऊन आरंभ करणे आणि वस्तादाचा शब्द पडताच हात आवरणे, हे शिष्टाचार वरवर पाहता केवळ आदराचे वाटतात, पण वस्तुतः तेच या क्रीडेचे खरे कवच आहे.

बोथाटीची योजना तर याहूनही मनोज्ञ. घोडेस्वाराच्या भाल्याला फाळाऐवजी कापडाचा गोळा बांधावयाचा, आणि तो रंगात भिजवून दौडत्या घोड्यावरून प्रतिपक्षावर नेमका टेकवावयाचा. लागलेल्या रंगाची खूणच साक्ष देत असल्यामुळे वार बसला की नाही याचा वाद उरत नाही, आणि वाद उरत नसल्यामुळे वार जोराने बसवण्याची गरजही उरत नाही. जेथे आघाताच्या वेदनेवरून जय ठरतो तेथे खेळाडू अधिकाधिक निर्दय होत जातो. जेथे खुणेवरून ठरतो तेथे त्याचे लक्ष कौशल्याकडे वळते.

दांडपट्ट्याचा प्रकार मात्र निराळा. त्याचा लोखंडी खोबळा मनगटाच्या वर कोपराच्या दिशेने चढतो, आत आडवी मूठ असते, आणि पुढे लांब, लवचीक, दुधारी पाते. हाताचे त्याने उत्तम रक्षण होते, पण मनगट जखडले गेल्यामुळे पट्टेकऱ्याला खांदा, कंबर आणि पावले यांच्या आधारे तो फिरवावा लागतो, आणि एकदा वेग घेतलेले पाते तत्क्षणी थांबवता येत नाही. म्हणून पट्टा ही द्वंद्वापेक्षा प्रात्यक्षिकाची विद्या राहिली, आणि रिंगणाचे अंतर हाच तिचा पहिला नियम ठरला.

युरोपाने दुसरा मार्ग चोखाळला: हत्यार बहुतांशी तसेच ठेवून शरीर पोलादाने मढवले. त्या मार्गाची मर्यादा 1559 साली पॅरिसमध्ये दिसून आली. राजा दुसरा हेन्री पूर्ण चिलखतात भाल्याची झुंज खेळत असता प्रतिस्पर्ध्याच्या मोडलेल्या भाल्याची चीप शिरस्त्राणाच्या झडपेतून त्याच्या डोळ्यात शिरली आणि दहाव्या दिवशी त्याचा अंत झाला. 1982 साली रोमच्या जागतिक तलवारबाजी स्पर्धेत ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिरनोव्ह याच्या मुखजाळीतून प्रतिस्पर्ध्याचे मोडके पाते आरपार गेले, तेव्हा हाच प्रसंग जणू पुनरावृत्त झाला. त्या मृत्यूनंतर मुखजाळ्या अधिक भक्कम झाल्या, पोशाखात केव्हलार आले, आणि ज्यात चीर सावकाश पसरते अशा मॅरेजिंग पोलादाची पाती प्रचारात आली. 1966 साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मध्ययुगीन युद्धक्रीडेचे पुनरुज्जीवन करणारी जी संस्था जन्मली, तिने पोलादी शिरस्त्राण आवश्यक मानले, पण तलवार मात्र वेताची केली. आपल्या गदक्याने फार पूर्वी काढलेला निष्कर्षच तेथे नव्याने निघाला.

आपल्याकडे ही परंपरा मध्यंतरी क्षीण का झाली, याचे एक कारण राज्यव्यवस्थेत सापडते. 1857 नंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करण्याचे धोरण आखले आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा अपराध ठरला. तलवार पेटीत गेली, पण गदका आणि लाठी आखाड्यात राहिली. 1914 साली अमरावतीस स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने भारतीय व्यायामप्रकारांना शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांची प्रात्यक्षिके जगापुढे मांडली. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध करून ही विद्या ग्रंथबद्ध केली. त्या पिढीने ही विद्या मौखिकतेच्या विस्मृतीपासून वाचवली, हे ऋण लहान नव्हे.

आता पुढचे पाऊल आपले आहे. शिवजयंतीच्या आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत मुलेमुली उत्साहाने लाठी आणि पट्टा फिरवताना दिसतात. पण वस्तादाच्या नजरेखाली वर्षानुवर्षे घडणारी जुनी तालीम त्यांतील सर्वांच्याच वाट्याला येत नाही, आणि जेथे ती दीर्घ तालीम नाही तेथे तिने पुरवलेले संरक्षणही नाही. म्हणून धार नसलेले पाते, डोळ्यांसाठी मुखजाळी, हातांसाठी जाड मोजे, प्रेक्षकांसाठी आखलेले रिंगण, आणि थांबण्याचा शब्द उच्चारण्याचा एकाच व्यक्तीस अधिकार, एवढे नियम प्रत्येक पथकाने लेखी करून आपल्या दप्तरी ठेवावेत. यात पराक्रमाची हानी नाही. ज्या वस्तादांनी गदक्यावर चामडे चढवले त्यांना शिष्य उद्याही तालमीत यावयास हवा होता. त्यांच्या परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी निदान तेवढी काळजी वाहिलीच पाहिजे.