गुरू, गोपाळ

भारतीय राज्यशास्त्रज्ञ, राजकीय सिद्धांताचे प्राध्यापक व जातिप्रश्नाचे सैद्धांतिक विवेचक. पुणे व दिल्ली येथील विद्यापीठांत राज्यशास्त्राचे अध्यापन केल्यानंतर ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या राज्यशास्त्र अध्ययन केंद्रात सामाजिक व राजकीय सिद्धांताचे प्राध्यापक झाले. २०१८ मध्ये त्यांनी मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या साप्ताहिकाचे संपादकपद स्वीकारले. सिद्धांत मांडण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांच्या लेखनातील मध्यवर्ती प्रश्न होय.

या प्रश्नास महाराष्ट्राच्या वैचारिक व शैक्षणिक इतिहासाची पार्श्वभूमी आहे. जोतीराव फुले यांचे गुलामगिरी (१८७३) आणि भीमराव आंबेडकर यांचे ॲनिहिलेशन ऑफ कास्ट (१९३६) या ग्रंथांत केवळ अन्यायाचे कथन नसून समाजरचनेची उपपत्ती आहे. तथापि विद्यापीठीय राज्यशास्त्रात राजकीय सिद्धांत म्हणजे प्लेटोपासून मार्क्सपर्यंतच्या पाश्चात्त्य विचारवंतांचे अध्ययन, असे समीकरण दीर्घकाळ रूढ होते. फुले-आंबेडकरांची गणना समाजसुधारक अथवा नेते म्हणून होत असे. दरम्यान शिक्षणाचा प्रसार होत गेला. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईस सिद्धार्थ (१९४६) व औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) येथे मिलिंद (१९५०) ही महाविद्यालये काढली. नागपूर विद्यापीठाच्या (१९२३) पाठोपाठ मराठवाडा (१९५८) व शिवाजी (१९६२) ही विद्यापीठे स्थापन झाली. नागपूर जिल्ह्यातील काटोलसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही महाविद्यालयीन शिक्षण पोहोचले. अशा रीतीने पूर्वी वंचित असलेल्या समाजांतील विद्यार्थी राज्यशास्त्राच्या वर्गात आले. परंतु त्या शास्त्रातील श्रमविभागणी बदलली काय, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याचे परखड विवेचन गुरू यांनी इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या १४ डिसेंबर २००२ च्या अंकातील, भारतातील सामाजिक शास्त्रे कितपत समतावादी आहेत, या प्रश्नाचे शीर्षक असलेल्या निबंधात केले. त्यांच्या मते या शास्त्रांत वर्णव्यवस्थेसारखीच उतरंड निर्माण झाली असून सिद्धांत मांडणारे थोडे लोक ब्राह्मणाच्या व माहिती गोळा करणारे बहुसंख्य लोक शूद्राच्या स्थानी आहेत. सिद्धांतरचनेस लागणारा निवांत वेळ, ग्रंथसंग्रह, भाषा व आर्थिक स्थैर्य यांची वाटणी विषम आहे. त्यामुळे दलित अभ्यासकाची बुद्धी नव्हे, तर त्याची परिस्थिती त्याला सर्वेक्षण व वर्णन यांत अडकवून ठेवते. मात्र गुरू यांनी दलित अभ्यासकांनाही यातून वगळले नाही. काव्य वा आत्मकथन ही सिद्धांताची जागा घेऊ शकत नाहीत. स्वानुभवापलीकडे जाऊन व्यापक संकल्पना घडविणे ही नैतिक जबाबदारी आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

तत्पूर्वी १९९५ मध्ये याच साप्ताहिकात त्यांनी दलित स्त्रियांचा आवाज वेगळा का आहे, याची मीमांसा केली होती. सवर्ण स्त्रियांनी केलेले प्रतिनिधित्व आणि दलित समाजांतर्गत पुरुषसत्ता, अशी या वेगळेपणाची दुहेरी कारणे त्यांनी दाखविली. त्यावर पुणे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी १९९८ मध्ये महत्त्वाचा आक्षेप घेतला. केवळ वेगळेपणावर भर दिल्यास दलित स्त्रियांचा प्रश्न त्यांच्यापुरताच मर्यादित राहील. दलित स्त्रीवादी भूमिका इतरांनाही आत्मपरिवर्तनाने स्वीकारता आली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मराठी स्त्रीवादी विचारात या वादाचे पडसाद दीर्घकाळ उमटत राहिले.

गुरू यांनी संपादित केलेला ह्यूमिलिएशन : क्लेम्स अँड कॉन्टेक्स्ट हा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मानहानी ही दारिद्र्य वा शारीरिक यातना यांहून निराळी असून आत्मसन्मानाची जाणीव जागी झालेल्या व्यक्तीलाच तिचा पुरता प्रत्यय येतो. म्हणूनच ती निषेधाचेही उगमस्थान ठरते, हा त्यातील महत्त्वाचा विचार होय. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासक सुंदर सरुक्काई यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला द क्रॅक्ड मिरर (२०१२) हा ग्रंथ संवादरूप आहे. भोगलेला अनुभव व दुरून जाणलेला अनुभव यांत भेद कोणता आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयी सिद्धांत मांडणे नीतीस धरून आहे काय, यांविषयी दोघांनी परस्परांची मते तपासली आहेत. स्पर्श, गंध, श्रवण इ. इंद्रियानुभवांतून समाज कसा घडतो, याचे विवेचन त्यांच्या एक्स्पीरियन्स, कास्ट अँड द एव्हरीडे सोशल (२०१९) या दुसऱ्या संयुक्त ग्रंथात आढळते.

अनुभवास असे प्राधान्य दिल्याने सिद्धांतावर विशिष्ट समूहाचीच मालकी प्रस्थापित होण्याचा धोका टीकाकारांनी दाखविला आहे. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. तथापि गुरू यांनी अनुभव हा सिद्धांताचा शेवट नव्हे, तर आरंभ मानला आहे. आधुनिक भारतीय राज्यशास्त्रास स्वतःच्याच वर्गातील विषमतेकडे पाहावयास लावणे, हे त्यांच्या अध्यापन-लेखनाचे विशेष कार्य होय. ग्रामीण महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याने केवळ प्रश्नावल्या भरून आणाव्यात की त्या प्रश्नांची मांडणीही स्वतः करावी, हे त्या कार्याच्या यशाचे व्यावहारिक गमक ठरते.